मापात पाप

नवऱ्यासाठी शर्ट घेणं सोपं असतं. कॉलर 39, रंग निळा, कार्ड स्वाइप, विषय संपला. घड्याळही जमून जातं. परफ्यूम नाही आवडला तर बाथरूमच्या कपाटात मागे ढकलता येतो. पण सायकलची फ्रेम? ती ना धुतल्यावर सैल होत, ना टेलरकडून अल्टर करून मिळत. आणि चुकली तर कपाटात तोंड लपवून बसत नाही. हॉलच्या भिंतीला टेकून रोज तुमच्याकडे बघत उभी राहते.

सध्या आमच्याकडे अशा दोन फ्रेम्सची चर्चा चालू आहे आणि निवड माझ्यावर आलीये. नवऱ्याचं म्हणणं, "मी बघायला गेलो की मला फक्त काळी कार्बनच दिसते. तू डोकं शाबूत ठेवून बघशील." ही कॉम्प्लिमेंट की जबाबदारी ढकलणं, ते जाऊ दे.

आधी गिऱ्हाइकाची ओळख. वय 31, उंची 5 फूट 4 इंच, वजन 62 किलो. सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत कोडिंग आणि महिन्यातल्या एखाद्या शनिवारी पहाटे 4 वाजता लाइट-बिइट लावून ब्रेवेला पसार. ब्रेवे म्हणजे रेस नव्हे. फ्रान्सच्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियँच्या नियमांनी जगभर होणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइड्स. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. पंक्चर आपलं आपण काढायचं, पहिला कोण आणि शेवटचा कोण हे कुणी विचारत नाही. एका सीझनमध्ये चारही पूर्ण केल्या की तुम्ही 'सुपर रँडोनर'. आणि ज्यांना हा किडा जरा जास्तच जोरात चावलाय, त्यांचं पंढरपूर म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. दर चार वर्षांनी एकदा, 1200 किलोमीटर, 90 तास. मागची वारी 2023 मध्ये झाली, पुढची 2027 च्या ऑगस्टमध्ये. तिथे जायचं तर त्याच वर्षी वरच्या चारही राइड्स खिशात असाव्या लागतात. आमच्या फ्रीजवर दूधवाल्याच्या नंबरखाली '2027' असं मार्करनं लिहिलेलं आहे. त्याखाली काही लिहायची गरज पडलेली नाही.

आता प्रॉब्लेम. गेल्या हिवाळ्यात हा 300 करून घरी आला तेव्हा दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर. झोपला, उठला, तरी बधिरच. सोमवारी ऑफिसला निघताना शर्टाचं बटण लावता येईना. मी लावून दिलं. सीन रोमँटिक वाटत असेल तर गैरसमज दूर करा, दोघांचेही चेहरे उतरलेले होते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूनं अल्नर नावाची एक नस जाते. तासन् तास अंगाचा भार हँडलवर पडला की ती बरोबर तिथेच दाबली जाते. जगभरच्या सायकलवाल्यांना होतो हा त्रास, त्याला 'हँडलबार पाल्सी' असं नावसुद्धा आहे. डॉक्टरांनी तीन आठवडे सायकल बंद केली आणि शांतपणे सांगितलं, पुन्हा पुन्हा असं होऊ दिलंत तर हाताची पकडच कमी होईल. ज्याचं पोट कीबोर्डवर चालतं त्याला करंगळीची किंमत वेगळी सांगायला लागत नाही. शिफ्ट आणि एंटर कोण दाबतं?

जेलचे ग्लोव्ह्ज झाले. हँडलवर डबल टेप झाली. सीटचं नाक वर-खाली करून झालं. फरक पडला, पण पुरणपोळीवर तुपाची धार धरल्याइतकाच. मूळ पोळी तीच.

मूळ पोळी म्हणजे त्याची आत्ताची सायकल, साइझ 54. माझ्या आधीपासूनची, त्यामुळे तिच्याबद्दल मी फार बोलत नाही. दुकानात 54 होती, दुकानदार म्हणाला "स्टेम बदलला की होऊन जाईल अॅडजस्ट", आणि यानं घेतली. यात त्याचा एकट्याचा दोष नाही हो. आपल्या संस्कारातच आहे ते. शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा, पावसाळी बूट वाढत्या पायाचे, आणि काळ्या 22 इंची सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून अर्धं पेडल मारत आपल्या बाबा-काकांची पिढी सायकल शिकली. फिटिंग ही चैन आहे असंच आपल्याला वाटत आलंय. फक्त एकतिसाव्या वर्षी माणूस वाढत नाही. निदान उभा तरी नाही.

तर या वेळी आधी माप, मग दुकान. बाइक-फिट करणाऱ्याकडे गेलो. त्यानं याला एका सरकत्या सांगाड्यावर बसवलं, पाय मोजले, हात मोजले, पाठ किती वाकते ते बघितलं, बाजूनं व्हिडिओ काढला. निष्कर्ष असा की साहेबांचे पाय उंचीच्या मानानं लांब आणि धड आखूड. त्यामुळे 54 वर हँडल गाठायला तो अक्षरशः लोंबकळतो. कोपरं ताठ, खांदे कानांपर्यंत, सगळा भार तळव्यांवर.

मग त्यानं दोन आकडे लिहून दिले: स्टॅक 540 ते 550 मिलिमीटर आणि रीच 360 ते 365. घाबरू नका, फंडा सिंपल आहे. पेडल जिथे फिरतात तो मधला बिंदू पकडा. तिथून सरळ वर, फ्रेमच्या पुढच्या नळीच्या टोकाच्या उंचीपर्यंत जेवढं अंतर भरतं तो स्टॅक. आणि तिथून आडवं पुढे, त्या नळीपर्यंत जेवढं भरतं तो रीच. म्हणजे हँडल किती उंच आणि किती लांब, इतकंच. 52, 54, स्मॉल, मीडियम ही सगळी नावं कंपनीगणिक बदलतात. एका कंपनीचं 52 दुसरीच्या 54 ला भिडतं. स्टॅक आणि रीच मात्र फुटपट्टीनं मोजलेले असतात, तिथे मार्केटिंगला शिरायला जागा नाही. आमचं बजेटही फक्त फ्रेमचंच. गिअर, ब्रेक, चाकं सगळी जुन्या सायकलवरची चढवायची. ती डिस्क ब्रेकची आहे म्हणून हे जमतंय. जुनी रिम ब्रेकवाली असती तर चाकांपासून सगळं नव्यानं आलं असतं, कारण आता बाजारात येणाऱ्या रोड फ्रेम्स बहुतेक डिस्कच्याच.

उमेदवार नंबर एक. काळी, कार्बन, रेसची. वजन 950 ग्रॅम. चपट्या, वारा कापणाऱ्या नळ्या, सगळ्या केबल्स पोटात गायब. साइझ 52. खरं सांगते, सुंदर आहे. दुकानात तिच्यावर स्पॉटलाइट नव्हता तरी आहे असं वाटत होतं. स्टॅक 527, रीच 382.

उमेदवार नंबर दोन. अल्युमिनियम, फोर्क तेवढा कार्बनचा. एन्ड्युरन्स प्रकारातली, म्हणजे तासन् तास बसायला काढलेली. वजन 1400 ग्रॅम. नळ्या गोल, केबल्स अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. रंग जांभळा. जांभळा म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर हातगाडीवर मिळतात त्या जांभळांचा. स्टॅक 545, रीच 364.

फिटवाल्याचे आकडे वर आहेत. एव्हाना तुम्ही निवड करूनही टाकली असेल. पण थांबा, काळीला वकील द्यायला हवा. प्रेमात पडलेल्या माणसाची बाजू ऐकून न घेता निकाल लावायचा नसतो.

वकिलाचा पहिला मुद्दा: हँडल वर-खाली, पुढे-मागे करता येतं. येतं ना. स्टेमखाली स्पेसरच्या चकत्या घाला, स्टेम आखूड करा. 10 मिलिमीटर चकत्या घातल्या की हँडल वर येतंच, शिवाय पुढची नळी तिरकी असल्यामुळे साधारण 3 मिलिमीटर मागेही येतं. पण फिटवाल्याच्या आकड्यांत 15 मिलिमीटरच्या चकत्या आधीच धरल्यात. 545 गाठायला काळीला वर आणखी 18 लागतात. झाले 33. आणि त्या फ्रेमला कंपनीची मर्यादा 30 ची, कारण कार्बनच्या नळीवर चकत्यांचा मनोरा रचलेला कंपनीला चालत नाही. मग वरच्या बाजूला चढणारा, 80 मिलिमीटरचा आखूड स्टेम लावायचा. कागदावर गणित सुटतं. पण सगळे स्क्रू शेवटच्या टोकाला नेऊन सुटतं. पुढे 400 च्या राइडनंतर "अजून जरा वर हवंय" असं त्याच्या हातांनी सांगितलं तर वर जायला जागाच नाही. जांभळीत तो मधोमध बसतो. वर जागा, खाली जागा. पुढच्या वर्षी पाठ जास्त लवचीक झाली तर चकत्या काढून खाली वाकायचीही सोय. आणि काळी फ्रेम घेऊन तिच्यावर चकत्यांची उतरंड आणि आकाशाकडे बघणारा स्टेम लावणं म्हणजे शेरवानीवर मंकी कॅप. मग ते सौंदर्य राहिलं कुठे?

दुसरा मुद्दा, वजन. फरक 450 ग्रॅम. हातात घेतलं की जाम जाणवतो, पैसे काढायची बुद्धी होते ती त्याच क्षणी. पण रस्त्यावर काय होतं? हा, सायकल, पाणी, लाइट, बॅग, खाऊ असं सगळं मिळून 75 किलोच्या आसपास. त्यातले 450 ग्रॅम म्हणजे जेमतेम 0.6 टक्के. सिंहगडाचा घाट, गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत, समजा तासाभरात चढला. तर वाचले साधारण वीस सेकंद. वर पोचल्यावर मडक्यातल्या दह्याची ऑर्डर द्यायला याहून जास्त वेळ लागतो. 750 मिलिलिटरच्या दोन भरलेल्या बाटल्याच दीड किलोच्या होतात! व्यावसायिक रेसमध्ये ही वीस सेकंदं सोन्याची, मान्य. मात्र तिथेही 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल नियमात बसत नाही. आणि ब्रेवेत ती वीस सेकंदं कुठे नोंदवायची?

तिसरा मुद्दा माझ्याकडे दुकानदारानं मांडला: "कार्बन धक्के खातो, अल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं." अर्धसत्य. धक्के सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त खातो तो टायर. काळीत 28 मिलिमीटरपेक्षा रुंद टायर शिरत नाही, जांभळीत 35 पर्यंत जातो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि साताऱ्याच्या हायवेवरचे ते पांढरे रंबलर पट्टे आले की तळहाताला जो दिलासा मिळतो, तो फ्रेमच्या मटेरियलनं क्वचितच मिळेल. शिवाय जांभळीला 27.2 मिलिमीटरची साधी गोल सीटपोस्ट लागते, उद्या कार्बनची लवचीक टाकता येईल. काळीची सीटपोस्ट तिच्याच आकाराची, तिच्याच कंपनीची, तुटली तर वाट बघा.

आणि वाट बघण्यावरूनच माझा सर्वांत लाडका मुद्दा. काळीच्या पेडलचं बेअरिंग फ्रेममध्ये ठोकून बसवलेलं, जांभळीचं आट्यांवर फिरवून. पावसात भिजल्यावर ठोकलेली बेअरिंग्ज कट-कट करायला लागल्याच्या कहाण्या सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर आजीच्या गुडघ्यांइतक्या नेमानं ऐकू येतात. काळीच्या केबल्स हेडसेटमधून आत जातात, म्हणजे वरचं बेअरिंग बदलायचं तर हायड्रॉलिक ब्रेकची नळीसुद्धा सोडवायला लागते, परत तेल भरा, हवा काढा. रात्री दोन वाजता खंबाटकी घाटाखाली टपरीवर चहा पिताना हे आठवायला नको. जांभळी कोणत्याही धड मेकॅनिकपुढे उभी करता येते. मडगार्डलाही भोकं आहेत. पुण्यात जून ते सप्टेंबर सायकल चालवायची आणि मडगार्ड नाही म्हणायचं, हे फक्त पाठीवर चिखलाची रांगोळी मिरवायची हौस असलेल्यांनी करावं.

एवढं सगळं झाल्यावर केस क्लोज व्हायला हवी होती. नाही झाली. कारण दुकानातला मुलगा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सर चालवणार ना? मग ही जांभळी नको. ही लेडीज आहे."

लेडीज! आपल्या डोक्यात लेडीज सायकल म्हणजे मधला दांडा खाली वाकवलेली, पुढे बास्केट, मागे साडी अडकू नये म्हणून जाळी. या फ्रेमला दांडा अगदी जागच्या जागी. मग लेडीज कशानं? तर कॅटलॉगात तशी लिहिलीये म्हणून.

यामागे थोडा इतिहास आहे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी 1985 मध्ये स्वतःची सायकल कंपनी काढली, कारण बुटक्या बायकांना बाजारातल्या सायकली लांब पडत होत्या. फ्रेम आखूड करता यावी म्हणून त्यांनी पुढचं चाक चक्क लहान, 24 इंची लावलं. बायकांचे पाय लांब, धड आखूड, असा तेव्हापासूनचा सर्वसाधारण समज. त्यावर पुढे मोठ्या कंपन्यांनी बायकांच्या वेगळ्या रेंज काढल्या. तैवानच्या जायंटनं तर बायकांसाठी लिव हा वेगळा ब्रँडच उभा केला, तो आजही आहे. उलट स्पेशलाइज्डनं 2018-19 च्या सुमारास आपल्याकडच्या फिटिंगच्या मोजमापांचा ढीग उपसला आणि सांगितलं की बाई आणि पुरुष यांच्यात जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त फरक एका पुरुषात आणि दुसऱ्या पुरुषात असतो. म्हणून त्यांनी फ्रेमचं लेडीज-जेंट्स करणं बंद केलं. दोघांपैकी कोण बरोबर यात मी पडत नाही. पण दुसऱ्या म्हणण्याचा जिवंत पुरावा माझ्या घरात सोफ्यावर पाय पसरून बसलेला असतो. लांब पाय, आखूड धड, दाढी.

शिवाय बायकांच्या सायकलमध्ये खरोखर वेगळ्या असतात त्या गोष्टी म्हणजे सीट आणि हँडलची रुंदी. त्या आम्ही घेणारच नव्हतो. आम्ही घेणार नुसता त्रिकोण. त्रिकोणाला कसलं आलंय लिंग? बरं, व्याकरणात तो पुल्लिंगी आहे, वाटलं तर.

तरी प्रश्न उरतोच, आणि तो मी उडवून लावणार नाही. आवडलेली सायकल जास्त चालवली जाते. सकाळी साडेचारला अंथरुणातून उठवणारी गोष्ट स्टॅक-रीच नसते, खाली पार्किंगमध्ये उभी असलेली ती काळी चमक असते. ग्रुपमधल्या एखाद्यानं "काय रे, वहिनींची आणलीस का?" म्हटलं आणि हा नुसता हसून गप्प बसला, तर त्या गप्प बसण्याचाही हिशेब धरायला हवा. पुरुषांचं हे सगळं फार नाजूक असतं, अल्नर नर्व्हपेक्षाही. माझ्या एका मैत्रिणीचा सल्ला होता, "सांगूच नकोस. तो कशाला कॅटलॉग बघतोय?" कोडिंग करणारा माणूस कॅटलॉग बघणार नाही? आणि नसता बघितला तरी, ज्याच्या हाताखाली ती फ्रेम 40 तास राहणार त्याला ती काय आहे हे ठाऊक असावं.

म्हणून एक केलं. रविवारी चहाबरोबर एक कागद त्याच्यासमोर ठेवला. दोन रकाने, अ आणि ब. फोटो नाही, रंग नाही, नाव नाही, किंमतही नाही. नुसते आकडे: स्टॅक, रीच, वजन, टायरची जागा, चकत्या किती लागतील, बेअरिंग कसलं. शेजारी फिटवाल्याची चिठ्ठी. त्यानं पाच मिनिटं वाचलं. पेन्सिलनं अ च्या चकत्यांभोवती गोल केला. मग म्हणाला, "ब. यात विचारण्यासारखं काय आहे? अ वर मी पुन्हा तिथेच पोचणार." आणि नकळत उजवी करंगळी चोळायला लागला.

मग मी सांगितलं. ब म्हणजे जांभळी. आणि लेडीज.

बराच वेळ शांतता. मग पहिला प्रश्न: "ते नाव स्टिकर आहे का? निघतं?" नाही निघत, लॅकरच्या खाली आहे, मी आधीच विचारून ठेवलं होतं. दुसरा प्रश्न: "जांभळाच रंग? दुसरा नाही?" आहे, पांढरा, पण त्याच्या साइझमध्ये नाही. तिसरा प्रश्न बराच वेळ आला नाही. चहा संपला. मग त्यानं फोनवर फ्रेमचा फोटो मोठा करून बघितला, पुढच्या नळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बारटेप काळी लावू. सीट काळी. बाटल्या पण काळ्या." म्हटलं, लाव बाबा. टायर तर काळेच येतात.

ऑर्डर दिलीये. त्याच्या साइझची फ्रेम यायला सहा आठवडे लागतील. 54 आणि 56 मात्र दुकानात रांगेनं उभ्या होत्या. तोपर्यंत जुन्या सायकलवर खडकवासल्यापर्यंत जायचं आणि तिथून परत फिरायचं, डोणज्याच्या पुढे नाही, असा करार झालाय. नवी आली की जुनीची नुसती फ्रेम विकायला निघेल. साइझ 54, निगा चांगली, कट-कट नाही. 5 फूट 9 इंचांच्या आसपास कुणी असेल तर कळवा. दाखवायला मी नेईन, तो नको, तो परत अॅडजस्ट करायला जाईल.